खंडाचा दिवस

"बाई, उठा! जल्दी बाकड्यावर जाऊन बसा. मोठ्या साहेबांची जीप आली."

अव्वल कारकून आबाराव दारातूनच ओरडला. नंदाबाईनं पेनाला टोपण लावलं, फायली मिटल्या आणि पदर सावरत तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आली.

आज तिचा खंडाचा दिवस होता. तात्पुरत्या माणसाला सलग कामावर ठेवलं, तर तो उद्या कायम करा म्हणून हटून बसेल. म्हणून सरकार दर महिनाअखेरी त्याला एक दिवस नोकरीवरून काढतं आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम देऊन परत घेतं. त्या एका दिवशी त्यानं घरी बसायचं. पण नंदाबाई घरी बसली की टपाल तुंबायचं. त्यावर आबारावानं तोडगा काढला होता. हजेरीपटावर सही करायची नाही, काम मात्र करायचं. नंदाबाईनं कधी का-कू केलं नाही. नवा हुकूम आबारावच्याच टेबलावरून निघायचा आणि त्या हुकमावर तिची दोन लेकरं आणि सासू जेवत होती.

बाकड्यावर गोजरबाई बसली होती. निराधार योजनेच्या पगारासाठी म्हातारी कधीपासून खेटे घालत होती. "तुमचा कागद सहीला ठेवलाय, बसा," असं नंदाबाईनंच तिला मघाशी निराधारच्या टेबलावरून सांगितलं होतं. आता तीच बाई शेजारी येऊन टेकली, तेव्हा म्हातारी बावचळली.

"तू इथं कशी गं?"

"गप बसा मावशी. आज मी इथली न्हाई."

साहेब जिल्ह्याला नवीनच बदलून आलेले. भला माणूस होता, तिथंच घोळ झाला. दुसरा कुणी असता तर सरळ आत जाऊन खुर्चीत बसला असता, चहा पिऊन निघून गेला असता. हे मात्र व्हरांड्यातल्या एकेकाला थांबून विचारू लागले. असे विचारत विचारत ते नंदाबाईपुढं येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं काय काम आहे?"

साहेबांच्या मागं आबारावचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं सांगावं, तर हुकूम नसताना टेबलावर बसवल्याचा ठपका त्याच्यावर येणार, आणि मग नवा हुकूम कोण काढणार? नंदाबाईच्या जिभेवर जे आलं ते ती बोलून गेली.

"निराधारचा अर्ज हाये साहेब. मालक वारले. किती दिसापासून चकरा मारून राह्यले, पर काम काही होऊन न्हाई राह्यलं."

मालक वारले, तेवढं खरं होतं. बाकीचं ती रोज लोकांच्या तोंडून ऐकत आली होती. ते जसंच्या तसं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

साहेबांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

"निराधारचं टेबल कुणाकडं आहे?"

"तात्पुरती बाई हाये साहेब," आबाराव म्हणाला. "आज तिचा खंड हाये."

"म्हणजे आज ती नोकरीत नाही?"

"बिलकुल न्हाई, साहेब."

"मग प्रश्नच मिटला. उद्या तिला नवा हुकूम देऊ नका. मी जिल्ह्याहून कायम माणूस पाठवतो. गरिबांना असं ताटकळत ठेवणारी माणसं कशाला हवीत?"

आबारावानं नंदाबाईकडं पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. एवढी वर्षं याच्या शब्दाबाहेर गेले नाही, आता तरी बोलेल.

"बराबर हाये साहेब," आबाराव म्हणाला.

नंदाबाईला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. कानांत दडे बसल्यासारखं झालं आणि सगळे लांबून बोलत आहेत असं वाटू लागलं. साहेब गोजरबाईला काहीतरी विचारत होते. म्हातारीनं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा नंदाबाईकडं पाहिलं.

"माझं काही न्हाई साहेब. मी हिच्या संगं आल्ते."

आतलं आटोपून साहेब परत निघाले, तेव्हा ते मुद्दाम बाकड्यापाशी थांबले.

"काळजी करू नका बाई. त्या टेबलवालीमुळंच तुमचं अडलं होतं. आता होईल."

"लई उपकार झाले साहेब," नंदाबाईनं हात जोडले. अशा वेळी लोक हेच म्हणतात. तिला दुसरं काही सुचलंही नाही.

जीप गेली. आबाराव जिन्यापाशी घुटमळला, मग खाली बघत जवळ आला.

"बाई, मी तरी काय करू? मलाबी नोकरी हाये. तुम्ही दुसरं काही सांगायचं होतं न्हाई का?" जरा थांबून त्यानं हात पुढं केला. "कपाटाची चावी द्या."

तिनं कनवटीची चावी काढून दिली. तो आत निघून गेला. व्हरांड्यातली माणसंही हळूहळू उठून गेली. नंदाबाई तिथंच बसून राहिली. घरी जायचं तर सासू विचारणार, आज लवकर कशी? त्याला काय उत्तर द्यायचं, हे तिला ठरवता येईना.

गोजरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्या येशील ना?"

"उद्या कशाला मावशी?"

"अर्ज द्यायला. आता खराच द्यावा लागंल की," म्हातारी म्हणाली. "बाकडं सकाळीच भरून जातं बघ. मी पहिल्या गाडीनं येते. तुझ्यासाठी माझी पिशवी ठेवून देईन."