पांढरा मणी

सक्ती उठली तसे लोकांनी गळ्यातले मणी काढून फेकले. श्वासात विषाणू असला की लाल होणारा तो मणी आता कुणालाच नको होता. पण शैलजाला बदललेल्या किडनीमुळे साधं पडसंही झेपणारं नव्हतं, म्हणून विद्याधरदादाने शब्द दिला होता, "मी काही मणी उतरवायचा नाही." ती किडनीही त्याचीच.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. गळ्यातला पांढराशुभ्र मणी पाहून शैलजाने निर्धास्तपणे मास्क उतरवला, कुंकू लावलं आणि ओवाळायला घेतलं. निरांजनाची धग लागली की खरा मणी क्षणभर निळा पडतो. हा पांढराच राहिला. तिने तबक पुन्हा जवळ नेलं. तरीही पांढराच.

"दादा, हा काचेचा आहे."

"ऑफिसात हसायला लागले गं, म्हणून खरा टाकून दिला," तो पुटपुटला. "तुझ्या समाधानासाठी हा कासाराकडून घेतला."

"पोटातली किडनी काढून देताना मागेपुढे पाहिलं नाहीस, आणि एवढासा मणी जड झाला?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्दाआधी खोकला आला.