रविवारचा डाव

इंटरनेटच्या मुख्य जाळ्याची देखभाल करणारा तो इंजिनिअर दोनदा घर सोडून परतला होता. आता पुन्हा वेगळा राहत होता. लेकीची भेट व्हायची ती रविवारी, ऑनलाइन गेममध्ये. आजही डाव मध्येच तुटला आणि तिचा फोन आला.

"पळपुटा बाबा! हरायला लागलास की गायब!"

"अगं, मी नाही. मधला मार्ग सारखा तुटत-जुळत होता. अशा मार्गावर पुढची यंत्रं भरवसा ठेवत नाहीत. तो नीट झाला, तरी बराच वेळ त्याला वाळीत टाकतात."

थिजलेल्या स्क्रीनकडे बघत, 'जेवलीस का' विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, "आईला विचारशील? मी घरी परत येऊ का?"


"फोन स्पीकरवर आहे, बाबा. तिनं सगळं ऐकलंय."