पाकीट उघडणारं हसू

केळुसकरांनी दोन्ही हात वर केले आणि बागेतल्या हास्यक्लबात रोज हसत तसे "हो हो, हा हा हा!" करून हसले. पण हातातल्या क्रिप्टोच्या, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या, यंत्रवजा पाकिटावरचा दिवा लालच राहिला.

"काका, हे खोटं हसू आहे," ती नाणी विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवरची तेजल म्हणाली. पासवर्ड चोरीला जायचे, बोटांचे ठसेही जायचे. खरं हसू मात्र कुणाला धमकावूनही काढून घेता येईना, म्हणून आता सगळी पाकिटं त्यानंच उघडत.

केळुसकर ओशाळले. अकरा वर्षं ते क्लबाचे अध्यक्ष होते! आज बिचकत बिचकत हजार रुपयांचीच नाणी घेतली होती, आणि पाच वाजेपर्यंत हसू नोंदलं नाही तर तीही रद्द. पावणेपाच तर वाजलेच होते.

शेजारी बसलेल्या शालनताईंनी तोंडाला पदर लावला.

"तुला काय झालं?" ते बायकोवर डाफरले.

"अहो, तुम्ही हसत नाही, ओरडता, हे मी कधीची सांगतेय. तुम्हाला पटायला मशीन लागलं!" असं म्हणून त्यांनी पर्ससकट हात वर करून नवऱ्याची हुबेहूब नक्कल केली.

केळुसकरांना आधी राग आला, मग ठसका लागला, आणि मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत खदखदून हसले. दिवा हिरवा झाला.

"झालं!" तेजल म्हणाली. "आता एखाद्या दिवशी हसूच आलं नाही, तर जास्तीची चावी लागेल. ती कुठे जपून ठेवणार?"

त्यांनी डोळे पुसत शालनताईंकडे बोट दाखवलं. "ही काय. छत्तीस वर्षं जपलीय."

"कोणी कोणाला?" शालनताईंनी विचारलं, आणि दिवा पुन्हा हिरवा झाला.