डुकराची कणव

सुरी दुसऱ्यांदाही निसटली. डुकरानं कोस्तानला लाथ मारून आडवं केलं आणि गळ्यातून रक्त उडवत ते अंगणभर धावलं. बर्फ लाल झाला. चौघांनी अंगावर पडून त्याला पुन्हा दाबलं.

"कोण कणव करतंय इथं?" तोदेर ओरडला.

नाताळाआधी डुक्कर कापताना कुणी मनातून हळहळलं, तर ते लवकर मरत नाही आणि त्याची चरबीही नासते, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. हळहळणाऱ्यानं अंगण सोडायचं.

"दाजी, सुरी इकडं द्या," मेहुणा कोस्तान म्हणाला. "तुमच्या हातात जोर नाही राहिला."

तोदेरनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. एरवी कोस्ताननं दोन परत दिले असते. आज तो नुसता थुंकला आणि पुन्हा डुकराच्या पायांवर बसला.

तोदेरनं मूठ उघडून पाहिली. कोबी खारवताना मिठाच्या पाण्यानं हात सोलले होते, ते अजून भरले नव्हते. तळव्यावर रक्त होतं. डुकराचं किती नि आपलं किती, कळत नव्हतं.

त्याला चरबी हवी होती, ती बायकोसाठी, साफ्तासाठी.

वसंतात त्याच्या पोटातला व्रण कापून काढला, आणि तो उठून बसतो न बसतो तोच बायकोच्या छातीत गाठ निघाली. तेव्हापासून दर गुरुवारी दोघं गिरणीपासून बस धरून शहरातल्या इस्पितळात जात. तिथं लिदियाबाई आजारी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र गोल करून बसवीत आणि मनातलं बोलायला लावीत. आजारी कोण, हे त्या कधी विचारीत नसत.

एकदा त्यांनी तोदेरपुढं उशी ठेवली, हातात काठी दिली.

"मारा, काका."

"आजारी ती आहे. मी नाही."

"घरच्यांनाही राग येतो."

त्यानं उशी फुटून पिसं उडेपर्यंत मारली. देवाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. परतताना बसमध्ये साफ्ताच्या खांद्यावर लहान पोरासारखा झोपला.

गेल्या गुरुवारी तिथली एक शाळामास्तरीण म्हणाली, या आजाराच्या गोळ्यांनी तळव्यांची सालं निघतात. ताज्या चरबीशिवाय कशानं बरं वाटत नाही. तोदेरनं साफ्ताकडं पाहिलं. महिनाभर ती घरातही लोकरीचे हातमोजे घालून वावरत होती. कधी 'दुखतं' म्हणाली नव्हती. त्यानं तिथंच ठरवलं, यंदाचं डुक्कर आपण स्वतः कापायचं.

आता ती दारात उभी होती. डुकराकडं नाही, त्याच्याकडं बघत होती.

"साफ्ता, आत जा. तूच हळहळतेयस."

"मला त्या डुकराचं काही वाटत नाही."

"जा म्हणतो ना."

ती गेली. त्यानं दोन्ही हातांनी सुरी धरली आणि सगळा भार टाकला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. डुक्कर एकदाच थरथरलं आणि पडून राहिलं.

"बघितलंस?" तोदेर धापा टाकत म्हणाला. "कणव तिचीच होती."

 कोस्ताननं तोंड फिरवलं.

दुपारी चुलीवर चरबी वितळली. निवल्यावर वाटी घेऊन तोदेर साफ्तासमोर बसला.

"आधी तुझ्या गोळ्या," ती म्हणाली. व्रण पुन्हा होऊ नये म्हणून त्याला गोळ्या होत्या. ती रोज स्वतःच्या हातानं काढून द्यायची. त्यानं घोटभर पाण्याबरोबर गिळल्या.

"आता हात दे."

"राहू दे, तोदेर."

"एवढं जनावर काय खेळायला मारलं? दे इकडं."

"नको म्हणते ना."

त्यानं तिचं मनगट धरलं. ती झटापट करू लागली, वाटी कलंडता कलंडता वाचली. मग तिचा जोर संपला. त्यानं एक हातमोजा ओढून काढला, मग दुसरा.

दोन्ही तळवे गुळगुळीत होते. कुठं साधी चीरही नव्हती.

तो बघत राहिला. साफ्तानं वाटीत बोटं बुडवली, त्याचा सोललेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि चरबी चोळू लागली.