नाथासाठी वकील

कोर्ट उघडायच्या आधीच हौसाबाई कोलशेतहून रिक्षाने ठाण्याला पोचल्या होत्या. गरिबांना फुकट वकील कुठे मिळतो ते विचारत विचारत त्या वकील विनिता वैतींच्या टेबलासमोर आल्या.

"आमच्या नाथाला वकील पायजे," त्या म्हणाल्या.

नाथा जन्मठेप भोगत होता. होळीच्या दिवशी, खाडीच्या धक्क्यावर, त्याचं आणि विश्रामचं जाळ्यावरून भांडण झालं. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. नाथाने रागात ढकललं, विश्राम दगडावर आपटला आणि गेला. खटला चालला तेव्हा नाथाच्या बाजूने कोणीच उभं नव्हतं. ऐपत नसेल तर सरकार वकील देतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साक्षीदार येऊन बोलून गेले. त्यांना उलट एक प्रश्न विचारला गेला नाही. खुनाची शिक्षा झाली.

इतकी वर्षं का थांबलात, असं विनिताने विचारलं.

हौसाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "राग होता त्याच्यावर. आता नाय. त्याला तरी माझ्याशिवाय कोन हाय?"

अपील दाखल झालं आणि तारखा पडू लागल्या. प्रत्येक तारखेला हौसाबाई यायच्या. वाट बघता बघता जुनं कोलशेत सांगायच्या. तेव्हा हे टॉवर नव्हते. भरतीचं पाणी घराच्या मागच्या दारापर्यंत यायचं. ओहोटी लागली की दोन्ही पोरं चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, शोधायला पळायची आणि कानापर्यंत काळी होऊन परतायची.

"वळखू यायचं नाय कोन कुठला," त्या हसत म्हणायच्या. "दोघांना ओटीवर उभं करून एकाच बादलीनं धुवायची मी."

नाथाला माशाचं डोकं लागायचं. विश्राम काटा बघूनच रडायचा, त्याला निवडून द्यावं लागे. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली विनिता ऐकत राहायची, चहा गार व्हायचा.

अखेर वरच्या कोर्टात सुनावणी झाली. विनिताने साक्षी वाचून दाखवल्या. ढकलल्यापलीकडे कोणी काही पाहिलंच नव्हतं, आणि नाथानेच विश्रामला उचलून दवाखान्यात नेलं होतं. हे पहिल्या खटल्यात विचारायला वकीलच नव्हता. सरकारी वकिलांनीही फार ताणलं नाही.

न्यायाधीशांनी निकाल सांगितला. हा खून नव्हता. आरोपीने जेलमध्ये काढलेली वर्षं हीच त्याची शिक्षा. त्याला सोडावं.

मागच्या बाकावर हौसाबाई पदरात तोंड लपवून रडत होत्या. न्यायाधीशांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही नाथाच्या आई का?"

हौसाबाई उठल्या. त्यांनी हात जोडले.

"नाय साहेब. मी विश्रामची आई."