तीन दिवसांची अट

बॅग उघडली आणि आतून तान्ह्या बाळाचे चौदा मोजे निघाले.

कुलूपवाल्याने बॅग बंद केली, जरा थांबला, पुन्हा उघडली. मोजेच. त्याचे शर्ट, दाढीचं सामान, घराची किल्ली आणि बायकोने कागदावर लिहून दिलेल्या अकरा सूचना विमानतळावरून भलत्याच कुणाबरोबर निघून गेल्या होत्या. पहिलीच सूचना होती, 'बॅग नीट बघून उचला.'

परक्या देशात पाऊल टाकून त्याला दोन तास झाले होते.

हौस म्हणून तो आलाच नव्हता. बायकोच्या पोटातली गाठ काढायची होती आणि आता हा महिना ओलांडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मात्र अडून बसली होती. "मी अंथरुणाला खिळले तर तुमचं कसं होणार? घरात टॉवेल कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही तुम्हाला." दोन महिने त्याने मिनतवाऱ्या केल्या, एकदा तर रडलासुद्धा. शेवटी तिने अट घातली. जोडून सुट्टी आली होती. तिने मुलीकडून तिकीट काढवलं, त्याचे शर्ट इस्त्री केले, त्याच हाताने आपले दोन गाऊनही केले, आणि म्हणाली, "तीन दिवस परदेशात एकटे राहून दाखवा. कुणाची मदत घ्यायची नाही, रडगाणं गायचं नाही. सुखरूप आलात की मी ऑपरेशनला तयार."

आता या गृहस्थाला दवाखान्याचा नुसता वास आला तरी घेरी यायची. मुलीच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीच्या आधी त्यालाच सलाइन लावावं लागलं होतं. तो किस्सा नातेवाईक अजून चघळतात. पण या खेपेला काही झालं तरी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून राहायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आधी तिने हो म्हणायला हवं होतं.

म्हणून त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने घरी फोन लावला तो सगळं आलबेल आहे हे सांगायला. फोन मुलीने उचलला.

"पोहोचलात बाबा? आई झोपलीय."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"दमली होती. तुमची बॅग-बिग मिळाली ना?"

"मिळाली की," तो म्हणाला. बॅग मिळाली होतीच. त्याची नव्हती, एवढंच.

शनिवारी सकाळी तो पाव आणायला म्हणून खोलीबाहेर पडला आणि मागे दार बंद झालं. दाराला किल्लीचं भोकच नव्हतं. आकड्यांची बटणं होती, आणि ते आकडे आत टेबलावरच्या चिठ्ठीत होते. चाळीस वर्षं या माणसाने भल्याभल्या कुलपांना घाम फोडला होता. आता तो सपाता घालून परक्या जिन्यावर कुडकुडत बसला. शेवटी समोरच्या म्हातारीला दया आली. तिने घरमालकाला फोन केला आणि आपल्या नवऱ्याचा जुना स्वेटर आणून त्याच्या अंगावर घातला. तिची भाषा त्याला कळत नव्हती, पण तो नवरा आता नाही हे कळलं. तो कितीतरी वेळ तिचा हात धरून बसला.

संध्याकाळी बायको फोनवर आली. आवाज जड होता.

"काय केलंस दिवसभर?"

"काही नाही. पडून होते. इकडची काडी तिकडे केली नाही."

"बरं केलंस. चेहरा दाखव की जरा फोनवर."

"नको, केस विस्कटलेत. तुम्ही सांगा, दार नीट लावता ना?"

"लावतो तर. फार पक्कं लागतं इथलं दार."

रविवारी तो दीपगृह बघायला निघाला आणि चुकीच्या बोटीत चढला. ती लग्नाच्या वऱ्हाडाची होती. स्वेटरमधला हा पोक्त माणूस कुणाचा तरी काका असणार, असं दोन्हीकडच्यांनी धरून चाललं. त्याला नवरानवरीच्या मधोमध उभं करून फोटो काढले. बोट संध्याकाळपर्यंत कुठेच थांबली नाही.

हे मात्र त्याला पोटात ठेवता येईना. चूक तेवढी गाळून त्याने बायकोला सगळी हकिगत सांगितली. ती हसायला लागली आणि एकदम कळवळली.

"अहो, हसवू नका. पोटात दुखतंय."

गाठ आता त्रास देऊ लागली म्हणायची. त्याने फोन आवरता घेतला.

सोमवारी दुपारी तो घरी आला. मोजे तेवढे विमानतळावर ज्याचे त्याला पोहोचते केले होते, पण त्याच्या बॅगेचा पत्ता नव्हता आणि किल्ली बॅगेत होती. त्याने घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. कुणी दार उघडेना. हिला सगळं कळलं, असं वाटून त्याने पायरीवर बसकण मारली आणि फोन लावला.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो. दार उघड ना."

"आधी सांगा, कसे गेले तीन दिवस?"

इतक्या मायेने तिने विचारलं की त्याला खोटं बोलवेना.

"अगं, मी तुला फसवलं. बॅग पहिल्याच दिवशी हरवली. खोलीबाहेर अडकलो. मदत घेतली, स्वेटरसुद्धा घेतला. बोटही चुकीचीच होती. मी सपशेल नापास झालो. मला कर वाटेल तितक्या वेळा नापास, पण ऑपरेशनला नाही म्हणू नकोस गं. मला एकट्याने राहायला शिकायचंच नाहीये. तू हवीस मला."

पलीकडून तिने नाक पुसल्याचा आवाज आला.

"पायरीवरून उठा बघू. शेजारच्या वहिनींकडे किल्ली ठेवलीय. आंघोळ करा, धुतलेला शर्ट घाला आणि दवाखान्यात या, तिसऱ्या मजल्यावर. टाके गुरुवारी काढणार आहेत."