बहुमोल सहकार्य

नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी महिनाभर शालनताईंना स्वयंपाक करू दिला नाही. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर ताईंनी सोनेरी काठाची कार्डं आणली आणि वळणदार अक्षरात प्रत्येकीचे आभार मानले, अगदी कोणाची आमटी, कोणाचं पिठलं या उल्लेखासह. पाकिटातलं एक कार्ड उरलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून समोरच्या तासगावकरांसाठी एक ओळ खरडली : "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभारी आहोत." या गृहस्थांनी महिनाभरात साधी बेलही वाजवली नव्हती.

संध्याकाळीच कुमुदवहिनी तरातरा आल्या आणि कार्ड टेबलावर आपटून म्हणाल्या, "वाटीभर आमटी दिली, तर लगेच पोचपावती? इतके परके झालो आम्ही?" तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी तर जिन्यात तोंडच फिरवलं. ताई दोन दिवस घरोघर "चुकलं हो माझं" म्हणत फिरल्या.

रविवारी बेल वाजली. दारात तासगावकर, हातात ते कार्ड, डोळे भरलेले.

"वहिनी, आजारी माणसाला माणसांचा त्रास होतो, म्हणून मी मुद्दाम फिरकलो नाही. सगळे मला तुसडा म्हणतात. तुम्ही मात्र बरोब्बर ओळखलंत." त्यांनी चपला काढल्या, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि ऐसपैस बसले. "आता ह्यांना बरं वाटतंय ना? मग रोज येत जाईन."

नवऱ्याच्या नजरेला नजर न देता ताईंनी चहाचं आधण ठेवलं.